मोकळ्या रानाचा चित्रकार

माझ्या आत्याला अक्षरओळख नव्हती आणि तीन व्यंगचित्रकारांना ती नुसत्या हातावरून ओळखायची. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. मी स्वतः उभं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवली, मोठमोठ्या दालनांतली प्रदर्शनं पायाचे तुकडे पडेस्तोवर बघितली, जाणकारांची भाषणं ऐकता ऐकता डुलक्याही काढल्या. पण चित्रापुढं बसायचं कसं हे मला जिनं शिकवलं ती बाई सहीच्या जागी अंगठा उठवायची. लोहाऱ्यात तहसीलकडं जाणाऱ्या रस्त्याला आमच्या आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. त्या घरात नवाकोरा पेपर कधी आला नाही. मी हट्ट केला तर आण्णा म्हणायचे, "इकत कशाला घ्यायचा? पंधरा दिसांनी किलोवर येतोयच की!" आणि तो यायचा, उमरग्याहून, सुतळीनं आवळलेल्या गठ्ठ्यांतून. जगातल्या सगळ्या बातम्या आम्हाला शिळ्या होऊन कळायच्या आणि त्यानं आमचं काहीसुद्धा अडलं नाही.

ही रद्दी पुड्यांसाठी असायची, आणि पुड्या करणं हे आत्याचं काम. दुपारची जेवणं आटोपली की ती पडवीत पाय पसरून बसे. पुढ्यात पाट, डाव्या हाताला कणकेच्या खळीची वाटी, उजव्या हाताला एक बोथट सुरी. पेपरची घडी घालायची, नखानं दाबायची, सुरी घडीत सरकवून ओढायची की चर्र. पावशेराची, अच्छेराची, मूठभर फुटाण्याची, प्रत्येक पुडीचं माप तिच्या बोटांत होतं. दुकानातून तराजूच्या पारड्यांचा आवाज यायचा, रस्त्यावरून जीपवाल्याची आरोळी, "माकणी माकणी, एक शीट, एकच शीट!" आणि जीप निम्मी रिकामी असायची हे अख्ख्या गावाला ठाऊक. आई आतून येसराच्या, म्हणजे मसाला घातलेल्या भाजक्या पिठाच्या, आमटीला फोडणी द्यायची आणि पडवीत आम्ही दोघी ठसकायचो. मी शाळेतून येईपर्यंत पुड्यांची चळत उभी राहिलेली असायची, आणि आत्याच्या मांडीखाली मात्र चार-दोन कागद वेगळे दाबून ठेवलेले असायचे.

ती होती व्यंगचित्रं. एका चौकटीतली, आतल्या पानावर कोपऱ्यात छापतात तसली. पेपर फाडता फाडता एखादं आवडलं की ती ते चौकट धरून, रेघेला रेघ लावून कापायची आणि संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उरलेल्या खळीनं चिकटवायची. भिंतीवरच्या फोटोची चौकट संपली की फोटो संपला, तसंच तिच्या लेखी चौकट संपली की चित्र संपलं. चौकटीबाहेर जे काही असेल ते मिरचीच्या नाहीतर शेंगदाण्याच्या पुडीत जायचं. पेपर आधी तिच्या हातातून जायचा आणि मग माझ्या नजरेला पडायचा, तोवर त्याची पुडी झालेली असायची. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढं माझं नाक कापलं गेलं ते यातूनच.

आत्या आमच्याकडं कायमची आली त्याची गोष्ट आमच्या भागात वेगळी सांगावी लागत नाही. गणपतीला म्हणून चार दिवस माहेरी आली होती, म्हणून ती वाचली. माकणीकडचं तिचं सासर भूकंपात भुईसपाट झालं. नवरा, सासू, गोठ्यातल्या दोन्ही म्हशी, काही उरलं नाही. पुढं पुनर्वसनात तिच्या नावानं घर मिळालं, पण एकदा जाऊन बघून आली ती परत गेली नाही. "समदी घरं सारखीच की रं," ती आण्णांना म्हणाली, "त्यात माजं कंचं, मला कळंना." आण्णा तिचे धाकटे भाऊ. ते तिला अक्का म्हणत, आणि तिच्यापुढं त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. त्यानंतरचे सहा-सात महिने आत्या फारशी बोललीच नाही. सांगितलेलं काम करायची, वाढलेलं जेवायची. आई तिच्यासाठी मुद्दाम धपाटी करायची, दही-चटणी वाढायची. आत्या अर्धं धपाटं खाऊन ताट सारायची.

आणि मग एका दुपारी पडवीतून हसू ऐकू आलं. खुदकन नाही, चांगलं पोटातून आलेलं. आण्णा गिऱ्हाईकाची साखर तशीच तराजूत टाकून मागं धावले. त्यांना वाटलं, अक्काचं काही बरंवाईट झालं. आत्या पेपरचं पान दोन्ही हातांत धरून बसली होती. चित्रात एका वाण्याचा तराजू होता. एका पारड्यात कोंबडी, दुसऱ्या पारड्यात तिचंच अंडं, आणि काटा बरोब्बर मधे. मागं वाणी डोकं खाजवतोय. आण्णांनी ते बघितलं, स्वतःच्या डोक्यावरचा हात खाली घेतला आणि विचारलं, "अक्का, ह्यात काय एवढं?" आत्या म्हणाली, "पैलंच अंडं हाय रं तिचं. पैल्या खेपंची आय हाय ती. तिला काय कमी वाटंल व्हय?" आण्णा परत दुकानात गेले आणि साखर मोजताना त्यांनी गमजानं डोळे पुसले, हे आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

त्या दिवसापासून पुड्यांचं काम हे चित्रांचं काम झालं. हळूहळू आत्या माणसं ओळखायला लागली. नावं तिनंच ठेवली. पहिला 'गर्दीवाला'. ह्या गृहस्थाला मोकळी जागा म्हणून सहन व्हायची नाही. बाजार काढला तर दीडशे माणसं, त्यातल्या प्रत्येकाच्या पिशवीत वेगळी भाजी. त्याच्या एका चित्रात सबंध बाजार मान वर करून आभाळाकडं बघतोय, आणि तेवढ्या गर्दीत एक शेळी तेवढी सरळ आपल्याकडं, म्हणजे चित्र बघणाऱ्याकडं, बघतेय. ती शेळी सापडायला मला दोन दिवस लागले. आत्यानं मिनिटात बोट ठेवलं होतं, पण सांगितलं नाही. "हुडीक की. डोळे कशाला दिलेत देवानं?" आणि सापडल्यावर तिनं विचारलं, ही शेळी इकडं का बघतेय? मी म्हटलं, काय की. "तिला म्हाईत हाय, वर काय बी न्हाय," आत्या म्हणाली. मी आजही कुठं पन्नास माणसं एका दिशेला बघताना दिसली की आधी शेळी शोधते.

दुसरा 'थरथऱ्या'. त्याची रेघ सरळ म्हणून नसायची. वाटायचं, चालत्या एस्टीत बसून काढलंय. माणसं तो क्वचितच काढायचा, वस्तू काढायचा. देवळाबाहेर चपलांचे जोड ओळीत ठेवलेत आणि त्यातली एकच चप्पल, जोडीदारीण सोडून, हळूच पायऱ्या चढून आत निघालीय, असं त्याचं एक होतं. आत्या त्या चपलेला हात लावून बघायची. "म्हातारा हाय त्यो. हात कापतोय त्येचा. पर कापतोय म्हणूनच चप्पल जित्ती वाटती." पुढं एकदा तिनं त्याच सहीचं एक चित्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ह्यो त्यो न्हाय. मी सही दाखवली, रेघ दाखवली, तशीच कापरी. आत्या मान हलवत राहिली. "ही रेघ मुद्दाम कापवलीया. ह्यो पोरगा आसंल त्येचा. म्हातारा गेला जनू." मी हसले. तेरा वर्षांची दीडशहाणी, दुसरं काय करणार?

तिसरा, 'मोकळ्या रानाचा', हा आमचा देव. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते आता नाहीत, आणि असते तर त्यांना आवडलं नसतं. कोंबडीचं चित्र त्यांचंच. त्यांच्या चौकटीत तीन हिस्से नुसता कोरा कागद असायचा. एक आडवी रेघ की झालं रान, आणि त्या रानात कुठंतरी बोटाएवढा माणूस. पण तो माणूस तिथं असा काही उभा असायचा की त्याच्या पाठीवरचं ऊन आपल्याला लागावं. एका चित्रात सरकारी हापिसाची खिडकी होती, बाहेर अर्ज घेऊन माणूस. खिडकीच्या आत दुसरी खिडकी, तिच्या आत तिसरी, आणि अगदी आत, मुंगीएवढा, तोच माणूस पाठमोरा. त्याच्या हातात तोच अर्ज. आत्या म्हणाली, "सोताकडंच अर्ज घिऊन आलाय बग. आन् सोताच पाठ फिरवून हुबा हाय." मला हे ऐकून गरगरलं होतं. अजूनही गरगरतं. ज्या माणसानं हे काढलं तो पुण्या-मुंबईकडं कुठंतरी बसलेला, जिला ते कळलं ती लोहाऱ्याच्या पडवीत खळ ढवळत बसलेली, आणि मधे नुसता एक रद्दीचा गठ्ठा. ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्यांचंच आणखी एक चित्र होतं. मोकळं रान, त्यात नुसतं एक दार, चौकटीसकट उभं. घर नाही, भिंत नाही. आणि एक माणूस त्या दाराची कडी वाजवतोय. हे चित्र आत्यानं कॅलेंडरवर चिकटवलं खरं, पण त्याच्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मी दोन-तीनदा विचारलं. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणायची आणि पान उलटायची.

नववीत असताना आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात 'माझा आवडता कलावंत' ह्या विषयावर बोलायला लावलं. बाकीची पोरं नट्यांवर बोलली. मी मोकळ्या रानाच्या चित्रकारावर बोलले, आणि काय बोलले! म्हटलं, हा महाराष्ट्रातला एकमेव व्यंगचित्रकार आहे ज्यानं जन्मात एक शब्द लिहिला नाही. ह्याला शब्दांची गरजच नाही. सर भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरून रविवारच्या पुरवण्यांची बांधलेली चळत घेऊन आले आणि मला पुढं बोलावून म्हणाले, जरा मोठ्यानं वाच. प्रत्येक चौकटीखाली ओळ होती. ठसठशीत, काळ्या टायपात. कोंबडीच्या खाली, 'महागाईनं कोंबडीलाही हलकं केलं!' खिडकीच्या खाली, 'साहेब जेवायला गेलेत, उद्या या!' मी वाचत गेले आणि वर्ग खिदळत गेला. मधल्या सुट्टीत पोरींनी माझं नाव 'मुक्याची भगत' ठेवलं. ते दहावी होईपर्यंत चिकटलं.

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सरांकडून ती चळत मागून घेतली आणि तरातरा घरी आले. आत्या पडवीत होतीच. "आलीस? ये गं नंदे, आज गर्दीवाला घावलाय," ती म्हणाली. मी दप्तर आपटलं. म्हटलं, "आत्या, तू सगळी चित्रं अर्धी कापलीस. खाली लिहिलेलं असतं. तुला वाचता येत नाही, तुला काय कळतंय त्यातलं?" आणि मी एकेक पान उघडून तिला ओळी वाचून दाखवायला लागले. कोंबडीची वाचली. खिडकीची वाचली. आत्या सुरी हातात धरून ऐकत होती. मग दाराचं चित्र आलं, आणि संतापाच्या भरात तीही ओळ मी खणखणीत वाचली. 'बायको माहेरी गेली वाटतं!'

काय वाचलं ते मला वाचून झाल्यावर कळलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर डोक्यालाही नव्हतं. आत्या माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. बाजारात अनोळखी माणसाकडं बघतात तसं. मग ती म्हणाली, "आसं व्हय. आसं लिवलंय व्हय त्येनं." मांडीखालचा गर्दीवाला तिनं काढला, पाटावर ठेवला आणि मधोमध सुरी ओढली. एका अर्ध्यात मोहरीची पुडी झाली, दुसऱ्यात जिऱ्याची.

त्या दिवसानंतर आत्यानं चित्र म्हणून काही बघितलं नाही. पेपर आला की फाडायची, पुड्या करायची, चळत लावायची. कॅलेंडरची पानं गुंडाळून ट्रंकेमागं गेली. मी गठ्ठ्यातून मुद्दाम चित्रं हुडकून तिच्यापुढं धरायची. "आत्या, हे बघ की, थरथऱ्या आलाय." ती म्हणायची, "मला वाचाया येत न्हाय बाई. तू वाच." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच तसं वाटत होतं तिला. तेच मला सोसायचं नाही. ती पुन्हा कमी बोलायला लागली. ताटात अर्धं धपाटं पुन्हा उरायला लागलं. एकदा आण्णा आईला म्हणाले, "अक्काला पुन्यांदा तसंच हुतंय की गं," आणि मी आतल्या खोलीत गोधडीत तोंड खुपसून रडले. जे चित्रांनी सात महिन्यांनी परत आणलं होतं, ते मी एका दुपारी घालवलं होतं. मला काहीही करून माझी आत्या परत हवी होती. कसं करायचं ते मात्र कळत नव्हतं.

दिवाळीनंतर सरांनी बोलावून सांगितलं, तुझे ते मुके चित्रकार धाराशिवला येतायत, वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान आणि प्रात्यक्षिक आहे. तेव्हा गावाचं नाव कागदोपत्री उस्मानाबाद होतं, आमच्या बोलण्यात मात्र कायम धाराशिवच. मी घरी येऊन आण्णांपुढं उभी राहिले. आण्णा म्हणाले, "एकटी पोरगी धाराशिवला? जमायचं न्हाय." मग वर्तमानपत्राच्या पुडीकडं बघत हळूच म्हणाले, "अक्का संगं येत आसंल तर जा." आत्या आधी नको म्हणाली. पण आण्णांनी तिला कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशी मागितलं. आत्या आली ती माझी राखण म्हणून. चित्रांसाठी नाही. ट्रंकेमागची पानं मी तिच्या नकळत पिशवीच्या तळाशी सारली आणि वर धपाट्यांचा डबा ठेवला.

सभागृहात चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी शाळेतून हाकून आणलेली पोरं. पाहुण्यांना बघून माझा हिरमोड झाला. काडीसारखा माणूस, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, बोलायला उभे राहिले तर आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेना. पाच मिनिटांत त्यांनीच भाषण गुंडाळलं आणि म्हणाले, मला बोलता येत नाही, मी काढतोच. पाठीमागं मोठा पांढरा कागद लावला होता. त्यांनी काळा मार्कर घेतला आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. थांबले. इतका वेळ थांबले की पोरं खोकायला लागली. मग उजव्या टोकाला त्या रेघेवर एक छोटासा माणूस काढला, उभा राहून बशीतनं चहा पितोय. आता ते रान झालं होतं. पुन्हा थांबले. डाव्या टोकाला गेले आणि तिथं दुसरा माणूस काढला. त्यानं त्या रेघेचं टोक धरलं होतं आणि दोरी गुंडाळावी तशी तो जमीन गुंडाळत निघाला होता. चहावाल्याला पत्ताच नव्हता.

सभागृह हसलं. मी त्या रेघेकडं बघत राहिले. काहीसुद्धा पुसलं नव्हतं, काही बदललं नव्हतं, तीच रेघ आधी भुई होती आणि आता दोरी होती. जादू म्हणावं तर सगळं डोळ्यांदेखत झालेलं. मी पुढं आयुष्यभर मुलांना रेघ शिकवली, पण तशी रेघ माझ्या हातून एकदाही उतरली नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. काही गोष्टी आपण फक्त बघायला जन्मलेलो असतो. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी गच्च धरलं. आत्या. पदर डोक्यावरून घसरलेला, मान पुढं काढून ती कुजबुजत होती, "आगं माय! हात बग, हात बग त्येचा. कुटं थांबायचं त्ये ठावं हाय त्या हाताला."

कार्यक्रम संपल्यावर मी पानं काढली आणि तिला हाताला धरून पुढं नेलं. ती मागं ओढत होती, "आगं, काय करलालीस? मोटी मानसं हायत ती." चित्रकारांनी पानं टेबलावर पसरली, चष्मा वर केला. स्वतःचीच चित्रं अनोळखी असल्यासारखी बघत राहिले. मग विचारलं, "खालच्या ओळी कुठं गेल्या?" मी म्हटलं, "आत्यानं कापल्या. तिला वाचता येत नाही." हे मी दुसऱ्यांदा म्हणत होते, पण ह्या वेळी रडत. ते आत्याकडं वळले.

"ताई, ह्यात काय दिसतं तुम्हाला?"

"मला वाचाया येत न्हाय साहेब."

"वाचायला नाही म्हणत मी. दिसतं काय?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मग कोंबडीवर बोट ठेवून पहिल्या खेपेच्या आईचं सांगितलं. खिडकीतल्या माणसाचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. पानं उलटता उलटता थरथऱ्याचं चित्र आलं, तशी ती आपणहून म्हणाली, "ह्यो त्यो न्हाय साहेब. ह्यो त्येचा पोरगा." त्यांनी चष्माच काढला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? वडील जाऊन वर्ष झालं, मुलगा त्यांच्याच सहीनं काढतो. आमच्यातल्या चार लोकांना माहीत आहे हे!" आत्या म्हणाली, "कोन सांगंल? हात येगळा हाय." मी तोंडात बोट घालून उभी. मीच एकेकाळी ह्याला हसले होते.

मग दार आलं. आत्याचं बोट कडीपाशी थांबलं. ते नुसते वाट बघत राहिले. वाट कशी बघायची ते त्यांना येत होतं. बऱ्याच वेळानं आत्या म्हणाली, "घर पडलंय त्येचं. दार तेवढं ऱ्हायलंय. आत कोन न्हाय त्ये त्येला ठावं हाय. तरी वाजवतोय." आणि मग, चित्रावरची नजर न काढता, "आमचं बी दार आसंच हुबं हुतं साहेब. म्या म्हायेरी हुते. आले तर समदं पडल्यालं आन् दार हुबं. म्या वाजवलं. मानसं म्हनली, खुळी झाली. म्या वाजवीतच ऱ्हायले."

हे तिनं आण्णांनाही कधी सांगितलं नव्हतं.  चित्रकारांनी पान स्वतःकडं ओढून घेतलं. ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात तिकडचे फोटो आले होते, ताई. एकात फक्त दार उभं होतं. ते डोक्यातून जाईना म्हणून हे काढलं. काढलं आणि भ्यालो. लोक काय म्हणतील, ह्यात हसायचं काय? म्हणून खाली ती ओळ टाकली. दरवेळी असंच होतं. चित्र काढून झालं की मला भीती वाटते, आणि मग मी लिहितो." त्यांनी हात जोडले. "मला माफ करा."

"तुमी कशाला माफी मागताव? चित्र बराबर काढलंय की," आत्या म्हणाली. मग जरा निरखून, "कडी तेवढी उजव्या अंगाला काढलीया. आमची डाव्या अंगाला हुती." ते रडता रडता हसले. मीही. सभागृहाचा शिपाई कुलूप घेऊन उभा होता, तो आम्हा तिघांकडं बघत होता.

परतीच्या एस्टीत आम्हाला मागची जागा मिळाली. तुळजापूर येईपर्यंत मी धीर गोळा करत होते. मग म्हटलं, "आत्या, मी चुकले. मी त्या दिवशी तुला फार वाईट बोलले." ती म्हणाली, "चुकलीस, खरं हाय. म्या लई रडले." मग म्हणाली, "पर तू वाचलं नसतंस, तर त्यो बी भ्यालता हे मला कवा कळलं आसतं?" मला वाटलं होतं ती म्हणेल, असू दे, लेकराचं काय मनावर घ्यायचं. तसं ती म्हणाली नाही. चूक ही चूकच ठेवली आणि मला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत मला ह्याहून मोठी माफी कुणी दिली नाही.

मग तिनं पिशवीतून पानं काढली आणि मांडीवर पसरली. कितीतरी दिवसांनी. गाडी हेलकावे खात होती, ती पान दोन्ही हातांनी धरून बघत होती, कोंबडी, खिडकी, शेळी. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून बघायला लागला, तशी तिनं पान त्याच्याकडंही कलतं केलं. दाराच्या चित्रापाशी आल्यावर ती थांबली आणि तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता तू सांग. कडी वाजवल्यावर त्येला काय ऐकू येत आसंल?"

माझे डोळे इतके भरून आले होते की चित्रच दिसत नव्हतं.

"रडू नगंस," आत्या म्हणाली. "चित्राकडं बग."